ठपका कशाबद्दल

“शी इज टू ब्लेम,” निखिल सर म्हणाले.

बोट दाखवलं नाही त्यांनी. उघडा तळहात माझ्या दिशेने केला. पाहुण्याची ओळख करून देतात तसा.

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या ऑफिसातली काचेची मीटिंग रूम. सोमवारची सकाळ. टेबलाशी आम्ही चौघं. निखिल सर आमच्या कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे. समोर मार्लूस. ज्या डच कंपनीसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो, तिथली क्वालिटी हेड. तिच्या शेजारी त्याच कंपनीतली टेस्टर, चीनहून आलेली श्याओमिन. आणि मी. मीही टेस्टरच.

मार्लूस लिहून घेत होती. मी टेबलाकडे बघत होते. सरांनी खुर्ची जरा माझ्याकडे ओढली, आवाज मऊ केला आणि मराठीत म्हणाले, “तोंड पाडू नकोस. कोट्यातून वर आलेल्या लोकांचं असंच होतं. मी तरी किती झाकू?”

आणि हसले.

मार्लूसने मान वर केली. तिला वाटलं, साहेब आपल्या माणसाला धीर देतोय. तीही त्यांच्याकडे बघून हसली. किती समजूतदार मॅनेजर आहे, असं ते हसणं.

मी पण हसले. हे सांगायची मला अजून लाज वाटते. मी पण हसले.

काय झालं होतं ते सांगते. ब्रेडाजवळ एक मोठं गोदाम आहे, औषधांचं. तिथल्या खोक्यांवर जी लेबलं छापली जातात ती आमच्या सॉफ्टवेअरमधून. औषधाचं नाव फार लांब असलं की लेबलवरची शेवटची ओळ कापली जायची. ती ओळ म्हणजे, हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवा. ओळच नाही म्हणून इन्सुलिनची खोकी दिवसभर शीतगृहाच्या बाहेर राहिली. कुणाला काही झालं नाही. माल वेळेत पकडला, नष्ट केला. पण झालं असतं तर, हा विचार त्या दिवसापासून माझी पाठ सोडत नाही.

कारण ती चूक मला सापडली होती. नवीन आवृत्ती जायच्या दोन आठवडे आधी. लेबलचा फोटो लावून मी सिस्टिममध्ये नोंदवली होती. तासाभरात निखिल सरांचा फोन आला. तारीख जवळ आलीय, ही लेबलची कटकट पुढच्या खेपेला बघू, आता बंद कर. मी म्हणाले, सर, औषधं आहेत. ते म्हणाले, बंद कर म्हणतोय ना. मी नोंद बंद केली. माझ्या नावाने, माझ्या हाताने. कुणाच्या सांगण्यावरून, हे तिथे लिहायला मी घाबरले.

त्या खोलीत सर म्हणाले, हिने लेबलं तपासलीच नाहीत. आणि मी गप्प बसले.

गप्प का बसले, ते इथे कामाला आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझा इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की तीन महिने. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर चला परत. नवरा अमोलचा परवाना माझ्या परवान्याला बांधलेला. आमची आठ वर्षांची मुलगी मैत्री, तिचा आम्हा दोघांच्या परवान्याला. एक गाठ सुटली की सगळं सुटतं. फोरबर्गचं घर, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी. पोरगी मराठी समजते, पण उत्तर डचमध्ये देते. परभणीच्या शाळेत ती कुठल्या भाषेत रडेल, असे विचार त्या दिवसांत यायचे.

आणि सरांना मी कोण आहे ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विचारलं नव्हतं सरळ. आडनाव विचारलं. मग गाव. मग म्हणाले, “तुमच्याकडे वरणात गूळ घालतात का?” मी नाही म्हणाले. ते “अच्छा” म्हणाले आणि त्यांना जे हवं होतं ते मिळालं. तेव्हापासून माझं प्रत्येक काम दोनदा तपासलं जायचं. इतरांना ते इंग्रजीत ओरडायचे, मला मराठीत, हळू आवाजात. त्याला त्यांनी आपुलकी असं नाव दिलं होतं.

सोमवारी दुपारी त्यांचा मेल आला. त्यात एक मसुदा. मार्लूसला पाठवायचा, माझ्या नावाने, बुधवारी बारापर्यंत. इंग्रजी फार सुंदर होतं. लेबलं न तपासल्याबद्दल सर्व दोष मी स्वीकारते. खाली माझं नाव आधीच टाईप केलेलं.

मी त्यांच्या टेबलापाशी गेले. म्हणाले, सर, तपासली नाहीत असं कसं लिहू, तपासली होती. ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “तुझ्या परवान्याचं रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे ना? मग वाद कशाला? लिहून दे, मी सांभाळतो.”

संध्याकाळी ट्रेनने घरी निघाले. लायडन स्टेशनला गाडी बदलायला उतरले, पुढची गाडी सोडली, बाकावर बसून राहिले. घरी आले तर मैत्रीने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “वात इस एर?” काय झालंय, असं ती विचारत होती. काही नाही म्हणाले. अमोलला सगळं सांगितलं. तो भाजी चिरत होता, तसाच उभा राहिला सुरी घेऊन. तू सांगशील ते, म्हणाला. पण त्याचा चेहरा म्हणत होता, लिहून दे.

मंगळवारी सकाळी बाबांना फोन केला. बाबा टपालखात्यातून रिटायर झालेले. चौदा एप्रिलला वस्तीत भाषण करणारे, आम्हा भावंडांना शिका म्हणून मागे लागलेले. वाटलं होतं, ते म्हणतील, वाकू नकोस. पण ते म्हणाले, “बाई, लिहून दे आणि मोकळी हो. आपल्याला दुसरी नोकरी लवकर नसते मिळत.”

बाबांच्या आवाजातली ती भीती मी आधी एकदा ऐकली होती.

सातवीत होते मी. स्कॉलरशिपचा जादा वर्ग बाईंच्या घरी भरायचा. आम्ही वस्तीतल्या तिघी दाराजवळ बसायचो. बसा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण जागा तीच होती. एके दिवशी बाईंच्या मुलीचं खिडकीत ठेवलेलं घड्याळ नाहीसं झालं. वर्गात अठरा पोरी. दप्तरं तिघींची उघडली. आमच्या वह्या, डब्यातली भाकरी, सगळं अंगणात. घड्याळ नव्हतं. तरी बाई म्हणाल्या, खरं सांगितल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. शेजारची सुमन थरथरत होती. मला वाटलं, कुणीतरी हो म्हटलं की संपेल. मी म्हणाले, “मी घेतलं.”

संपलं नाही. कुठंय, विचारलं. मला कुठे माहीत होतं? नाल्यात टाकलं, म्हणाले. का टाकलंस? कुणी शिकवलं? चोरी कबूल केली की चोरीची गोष्टही आपल्यालाच रचावी लागते. बाबांना बोलावलं. बाबा खाकी कपड्यांत, पायरीच्या खाली उभे राहून हात जोडत होते. पोरीवर आळ आहे हो बाई, असं एकदाच म्हणाले, आणि बाई म्हणाल्या, “आळ कसला, कबूल केलंय तिनं.” वर्ग बंद झाला माझा. स्कॉलरशिप गेली. घरी बाबांनी मारलं नाही. फक्त विचारलं, का गं म्हणालीस?

तर मंगळवार. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी आणि श्याओमिन एकत्र बसायचो. ती संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जायची आणि तिचा गृहपाठ मला दाखवायची. मला त्याची आतून मजा वाटायची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मी, जिच्या इंग्रजीवर सर सगळ्यांसमोर हसायचे, ती मी कुणाचीतरी मास्तरीण. आम्ही दोघी एकमेकींशी मोडकंतोडकंच बोलायचो, पण अडायचं नाही.

त्या दिवशी मला जेवण जात नव्हतं. ती वही घेऊन आली. म्हणाली, काल मीटिंगमध्ये जो शब्द ऐकला, त्यावर मी वाक्यं केलीत, बघ. ब्लेम.

पहिलं वाक्य होतं, मी उशिरा आले म्हणून आईने मला ब्लेम केलं. मी म्हणाले, हे ब्लेम नाही. आई ओरडली ना? मग ते स्कोल्ड. ती म्हणाली, आमच्यात दोन्हीला एकच शब्द चालतो. मी म्हणाले, इंग्रजीत वेगळं. ओरडणं म्हणजे ओरडणं. ब्लेम म्हणजे काहीतरी वाईट झालंय आणि ते हिच्यामुळे झालं, असं म्हणणं. मग तिने लिहिलं होतं, बॉसने ब्लेम टू मी. मी ते टू खोडलं. ब्लेमच्या पुढे लगेच माणूस येतो, म्हणाले. मग फॉर येतो. आणि फॉरच्या पुढे त्या माणसाने काय केलं ते. ते लिहिलं नाहीस तर ऐकणारा विचारेल, कशाबद्दल?

मी हे शिकवत होते. आवाज अगदी मास्तरणीचा. आणि माझ्याच कानांना तो ऐकू यायला लागला होता.

मग तिने पेन्सिल शेवटच्या ओळीवर ठेवली. शी इज टू ब्लेम. म्हणाली, हे मला काल चुकीचं समजलं.

कसं समजलं, मी विचारलं.

ती म्हणाली, “शी इज टू स्पीक म्हणजे आता ती बोलणार. तसं मला वाटलं, शी इज टू ब्लेम म्हणजे आता तू दोष देणार. मी तुझी वाट बघत होते. तू बोललीच नाहीस.”

मी तिला सांगायला हवं होतं की हा इंग्रजीतला विचित्र प्रकार आहे, वाक्य दिसतं करणारीचं पण अर्थ असतो दोषी ठरलेलीचा. तोंड उघडलं आणि रडूच आलं. कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर, सूपच्या वाटीवर.

श्याओमिन घाबरली. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. मी फोनवर सरांचा मसुदा काढून तिच्यापुढे धरला. तिने बोट ठेवून वाचला. फॉरपाशी थांबली. “लेबल तपासलं नाही? पण तू मला फोटो दाखवलास. मी तुझ्या शेजारी होते. फोन आला, तू ठेवलास, आणि मला म्हणालीस, तो बंद कर म्हणतोय.”

मी विसरले होते. खरंच विसरले होते की ते मी कुणाला बोलले होते.

तिला विचारायची हिंमत होईना, लिहून देशील का म्हणून. तिचाही परवाना नोकरीलाच बांधलेला. मी विचारलं नाही. ती डबा उचलून गेली. मला राग आला नाही तिचा. तिच्या जागी मी असते तर मीही डबाच उचलला असता.

बुधवारी सकाळी नऊला बसले मेल लिहायला. सरांचा मसुदा एका बाजूला. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. आधी सगळं सरांवर ढकलणारा मेल झाला. वाचला, आणि तोही खरा नव्हता. मी नोंद बंद केली होती. औषधं आहेत हे ठाऊक असताना. तो दोष माझा होता आणि तो दुसऱ्याला देऊन मला मोकळं व्हायचं नव्हतं.

शेवटी सहा ओळी झाल्या. लेबलमधली चूक मी शोधली आणि नोंदवली, फोटो जोडला आहे. निखिल यांनी फोनवर ती बंद करायला सांगितली. मी बंद केली. मी ती बंद केली याबद्दल, आणि हे तेव्हाच न लिहिल्याबद्दल, मी दोषी आहे. लेबलं न तपासल्याबद्दल नाही. ते मी स्वीकारत नाही.

सरांना प्रत लावली. लपून करायचं नव्हतं. बाराला पाच कमी असताना पाठवलं आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. आमच्यातलं धैर्य असं असतं. उलटीचा वास येतो त्याला.

परत आले तर श्याओमिन माझ्या टेबलापाशी उभी. तिने तीन ओळींचा मेल लिहिला होता, मार्लूसला. म्हणाली, पाठवण्याआधी इंग्रजी तपासून दे. वाचला. दोन क्रियापदं चुकलेली, एक फॉर गळलेला. मी म्हणाले, मी हात लावणार नाही. हात लावला तर म्हणतील मीच लिहिला. तिला ते पटलं. मेल चुकांसकट गेला.

सर दुपारी माझ्याजवळ आले. या वेळी हसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “विचार केला नाहीस तू.” एवढंच.

शुक्रवारी मार्लूसने मला एकटीला बोलावलं. नोंदी तपासल्या होत्या तिने. फोटो, तारीख, सगळं होतं. म्हणाली, तुझं म्हणणं खरं आहे, आणि नोंद बंद करणं गंभीर चूक होती. मी हो म्हणाले. मग कागद मिटताना तिने सहज विचारलं, सोमवारी निखिल तुला तुमच्या भाषेत काय म्हणाला? तुला धीर देत होता ना?

“काही नाही,” मी म्हणाले.

उठले. दाराशी गेले. दाराच्या मुठीला हात लावला आणि मला भीतीपेक्षा स्वतःची किळस जास्त वाटली. चूक लेबलातली असली की पुरावा दाखवायचा, आणि हे मात्र गिळायचं? का? कारण ते मराठीत होतं? कारण हे या देशात आणून सांडायचं नाही, आपलं आपल्यात ठेवायचं? आपल्यात म्हणजे कुणात? माझ्यात आणि निखिलमध्ये आपलं असं काय होतं?

परत येऊन बसले. म्हणाले, तो धीर नव्हता. आणि त्याचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द.

मार्लूसला कळलं नाही. कोटा म्हणजे कशाचा, तिने विचारलं. मग जात म्हणजे काय ते सांगावं लागलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, वीसेक मिनिटं. आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. पाटलाच्या दारात पाणी वरून ओतून मिळायचं. मग धम्म घेतला, ते काम सोडलं, बाबा शिकले, मी शिकले. माझी नोकरी कुणी दान दिलेली नाही. असं मी आयुष्यात कुणासमोर एका दमात बोलले नव्हते.

तिचा चेहरा अवघडला. तिला माझी दया आली असावी, आणि ती मला नको होती. शेवटी म्हणाली, हा तुमच्या कंपनीतला विषय आहे, तुमच्या एचआरकडे जा.

गेले. लेखी तक्रार दिली. पुण्यातल्या एचआर बाई स्क्रीनवर आल्या, फार गोड बोलल्या. भाषांतरात अर्थ बदलतो, म्हणाल्या. निखिलचं म्हणणं आहे, त्याच्या मनात तसं काही नव्हतं. कोटा म्हणजे कंपनीचा परदेशी पाठवायचा कोटा. मी विचारलं, तुम्हीही मराठी आहात, तुम्हाला काय ऐकू आलं? त्या म्हणाल्या, मी तिथे नव्हते.

लेबलांच्या प्रकरणातून माझं नाव निघालं. निखिलला ताकीद मिळाली म्हणे, तोंडी. तो आजही मॅनेजर आहे. मला त्या प्रोजेक्टवरून काढलंय. आणि मागच्या आठवड्यात एचआर बाईंचा फोन आला. रिन्युअल अजून आमच्या हातात आहे, म्हणाल्या. ती दुसरी तक्रार, भाषेची, मागे घेतली तर सोपं जाईल. त्या तिला भाषेची तक्रार म्हणतात.

अमोलने नोकरीच्या जाहिराती बघायला सुरुवात केली आहे. माझ्यासाठीही, स्वतःसाठीही. बाबांना मी सगळं सांगितलं. ते फोनवर रडले, पण लिहून दे म्हणाले नाहीत. रोज सकाळी उठते तेव्हा पहिल्यांदा भीतीच जागी होते, मग मी. तीन महिने म्हणजे किती आठवडे, हे मी बोटांवर मोजत बसते. श्याओमिनच्या मेलबद्दल तिला कुणी अजून काही बोललेलं नाही. तरी मी तिच्यासाठीही घाबरते.

पण मी बाईंना उत्तर पाठवलं आहे. तक्रार मागे घेणार नाही. तिला जातीची तक्रार म्हणा, त्याच नावाने नोंदवा.

गुरुवारी अकराला कॉल आहे. एचआर बाई, निखिल, वरचे दोन साहेब आणि मी. ते वाक्य मी आधी मराठीत म्हणणार आहे, जसंच्या तसं, मग इंग्रजीत. मग निखिलला विचारणार आहे, यातले लोक म्हणजे कोण, ते सगळ्यांसमोर सांग. सर म्हणणार नाही. तो बोलेपर्यंत मी थांबणार आहे, कितीही वेळ लागो. माझे हात कापतील, आवाज फाटेल, ते सगळ्यांना दिसेल. दिसू दे. कॅमेरा मी बंद करणार नाही.